नुक्ता

शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं. नवरा, बायको आणि एक तान्हं. आठ दिवस झाले तरी मी तिकडे फिरकले नव्हते, ते काही बरं दिसत नाही, म्हणून आज कोर्टात जाण्याआधी हिरव्या मुगाची खीर केली, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून, आणि वाटी झाकून घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. सलाम केला. आत कुणीतरी कपात चमचा फिरवत होतं. तो चमचा थांबला. बस, एवढंच झालं. रिकाम्या घराची शांतता मला कळते. ती सैल असते, तिच्यात पंख्याची घरघर असते, नळाचा थेंब असतो. माणूस आत असून गप्प बसला की शांतता ताठ होते. एकोणीस वर्षं बंद दारांबाहेर उभी राहून मी हेच ऐकत आले आहे, पोटापाण्याचा धंदाच तो. आतला माणूस श्वास धरतो तो आमच्या धर्मखात्याला भिऊन, अशी मी आजवर स्वतःची समजूत घालत होते. आज माझ्या अंगावर गणवेश नव्हता, मागे शिपाई नव्हते, हातात मुगाची खीर होती. दुसरा सलाम केला. तिसरा केला. तान्हं कुरकुरलं आणि कुणीतरी त्याला चटकन छातीशी धरून गप्प केलं. मग मी वळले, आणि वळताना माझी नजर सवयीनं खाली गेली. आमच्या मजल्यावर अकरा दारं आहेत. दहा दारांसमोर फरशी स्वच्छ, मोकळी. चपला फक्त एका दाराबाहेर होत्या, त्या माझ्या.

बंद दारामागे लग्नाविना एकत्र असलेल्या बाई-पुरुषांना पकडणं हे आमच्या खात्याचं काम, आणि नवीन भरती झाली की पहिला धडा मीच द्यायची. दार वाजवण्याआधी खाली बघा. घरात बोलणारं तोंड खोटं बोलेल, दाराबाहेर काढलेली चप्पल बोलणार नाही. विधवेच्या दाराशी पुरुषाचे बूट, कॉलेजच्या पोरींच्या खोलीबाहेर दहा नंबरचे सँडल, झालं तुमचं अर्धं काम. पोरं हसायची, वहीत लिहून घ्यायची. ज्या बाईनं शहरभरच्या चपला मोजल्या तिला स्वतःच्या मजल्यावरच्या चपला कधी आत गेल्या ते कळलं नाही. एकदम नसतील गेल्या. एकेक जोड, एकेक घर, माझ्या पाठीमागे. पलीकडची म्हातारी मला जिन्यात भेटली की 'काक रोहाया, जेवलात का?' विचारते, माझ्याहून मोठी असून मला काक, ताई म्हणते, अगदी तोंडभरून, आणि घरी गेल्यावर सपाता उचलून आत ठेवते. तिच्याकडे आहे काय लपवण्यासारखं? सत्तरीची बाई, एक मांजर, एक शिवणयंत्र. मी खीर ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. ताडगूळ जरा जास्त झाला होता.

तीन सलाम झाले की परत फिरायचं, हे मला वडिलांनी शिकवलं. नदीकाठी आमचं खांबांवरचं लाकडी घर होतं आणि माडीखालच्या सावलीत वडील गावातल्या पोरांना अक्षरं शिकवायचे. तीन सलाम कर, ते म्हणायचे, तिन्हीला जवाब आला नाही तर आल्या पावली मागे फीर आणि मनात किल्मिष ठेवू नकोस. आतल्याला गप्प बसायचा हक्क आहे. तो का गप्प बसला हे विचारायचा हक्क तुला नाही. ते एक जुनी गोष्ट सांगायचे. एक खलिफा रात्री गस्तीला निघाला, एका घरातून गाण्याचा आवाज आला, म्हणून हा भिंत चढून आत उतरला. बघतो तर दारू आहे, बाई आहे. ओरडला, तेव्हा घरधनी म्हणाला, थांबा मालक. माझं एक पाप झालं, तुमची तीन झाली. तुम्ही चोरून पाहिलंत, दार सोडून भिंतीवरून आलात, आणि सलाम न करता आत शिरलात. खलिफानं मान खाली घातली आणि आला तसा गेला. पोरं विचारायची, मग दारूचं काय झालं? वडील हसायचे. म्हणायचे, ते त्याचं आणि देवाचं. मला तेव्हा ती गोष्ट अर्धवट वाटायची. पकडलंच नाही, तर गोष्ट कसली? मीच पुढे त्या गोष्टीचं शेपूट जोडायला नोकरीला लागले म्हणायचं.

वडिलांच्या फळीवर 'जीम' आणि 'हे' ही दोन अरबी अक्षरं शेजारी शेजारी असायची. दोन्हीचं पोट सारखंच गोल, फक्त जीमच्या पोटात एक नुक्ता, एक टिंब. ते बोरूनं दाखवायचे. 'हे' लिहिलं, पोट रिकामं ठेवलं, तर तहस्सुस, म्हणजे शोध. हरवलेल्या लेकराला बाप शोधतो तसा, जिवाच्या आकांतानं. तोच शब्द, पोटात नुक्ता पडला की तजस्सुस. म्हणजे दुसऱ्याच्या झाकलेल्या गोष्टी उकरणं. पहिलं करावं, दुसरं देवानं मना केलंय. एका टिंबाचा फरक, रोहाया, म्हणून टिंब देताना हात सांभाळ. माझा हात तेव्हा छान चालायचा. पुढे नवऱ्यानं सोडलं, चाळिशीत नोकरी शोधायची वेळ आली, तेव्हा खात्यानं मला घेतलं ते दोन गोष्टींसाठी. एक, माझं जावी अक्षर, म्हणजे आमची भाषा अरबी लिपीत लिहायचं वळण. दुसरी, माझा आवाज.

आवाजाची कथा अशी की पुरुषानं दारात सलाम केला की आत धावपळ होते, खिडक्या वाजतात, एकदा तर एक जण दुसऱ्या मजल्यावरून माडाच्या झाडावर गेला होता. बाईनं केला तर आतून 'आले हं' येतं. आणि माझ्या आवाजात म्हणे काहीतरी घरचं आहे. उस्ताझ खिरुद्दीन, आमचे साहेब, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "काक रोहाया, तुमचा सलाम ऐकून मला माझी मेलेली मावशी आठवली. मीसुद्धा दार उघडलं असतं." सगळे हसले. मीही हसले, मला ते कौतुक वाटलं होतं. सलामाला जवाब देणं फर्ज आहे, हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. तुझ्यावर शांती असो, असं कुणी म्हणालं की तुझ्यावरही असो, असं म्हणावंच लागतं. चोर असो, छिनाल असो, ओठ आपोआप हलतात. त्या हललेल्या ओठांवर मी एकोणीस वर्षं पगार खाल्ला. आणि जवाब नाहीच आला, तर? तर वडील सांगायचे परत फिरा. आमच्या खात्यात तीन सलामांनंतर कुलूपवाल्याला पुढे करायचे.

तरी उस्ताझ वाईट माणूस नव्हे. खडूस नाही, हात चालवत नाही, सगळ्यांच्या पोरांची नावं त्याला पाठ. त्याला अरबी शब्दांची हौस. अहवालात साधं 'तपास' लिहिलेलं त्याला चालत नसे. तहस्सुस लिहा, म्हणायचा. वर्षातून एकदा कुणीतरी विद्वान येऊन भाषण देऊन जायचा की उघड दिसलं तरच हात घाला, दार बंद असेल तर तो तुमचा प्रांत नाही, संशय हा पुरावा नव्हे, आणि उस्ताझ पुढच्या रांगेत बसून मान डोलवायचा. भाषण संपलं, पाहुण्यांना चहा गेला, की आमच्याकडे वळून डोळे मिचकावून म्हणायचा, "ऐकलंत ना? आपण तजस्सुस करत नाही. आपण नुक्ता काढून टाकलाय." हा विनोद खात्यात इतका रुळला की पोरं धाडीला निघताना एकमेकांना विचारायची, नुक्ता घरी ठेवला का रे? मी कितीदा हसले असेन त्यावर. वडील तेव्हा हयात होते. त्यांना मी सांगितलं होतं, कचेरीत कागद लिहायचं काम आहे. ते खोटंही नव्हतं.

काक सारिपाहचं प्रकरण आठ महिन्यांपूर्वीचं. एकसष्ट वर्षांची विधवा, एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाकीण. दुपारची साडेतीनची वेळ होती. तिच्याच मजल्यावर, समोरच्या दारात मेक नाब नावाची म्हातारी माशाचे पापड विकायची, मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जायची. पापड घेतले, पिशवीत टाकले, वळले, आणि नजर खाली. समोर बायकी सपाता, आणि शेजारी पुरुषाचे रबरी बूट, नावाड्यांचे असतात तसे, टाचेशी चिखल. दार बंद. मी जिन्यापर्यंत गेले. खरं सांगते, दोन पायऱ्या उतरले. मग उस्ताझला फोन केला आणि परत वर आले. शिपाई येईपर्यंत चाळीस मिनिटं मी त्या दाराला कान लावून उभी होते. आत काय ऐकू आलं? काही नाही. एकदा तो काहीतरी म्हणाला, ती म्हणाली, 'मीठ आहे त्यात.' पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज. एकदा तो खोकला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ती शांतता ताठ नव्हती, सैल होती, दोघं असून सैल, आणि मला आठवतंय की मला त्या शांततेचा राग आला. माझ्या लग्नाच्या चौदा वर्षांत तशी दुपार एकही गेली नाही.

पोरं आली, मी सलाम केला. पहिल्याच सलामाला आतून आवाज आला, "वालैकुम सलाम, आले हं, हात बरबटलेत." आणि तिनं दार उघडलं, कोपरानं. घरभर ब्लाचान भाजल्याचा वास होता, आंबवलेल्या कोळंबीच्या गोळ्याचा उग्र खारट वास. दार म्हणूनच लावलं होतं, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. पाक सेमान, म्हातारा नावाडी, जमिनीवर मांडी घालून काकडी चिरत बसला होता. अंगात गंजी, पण उकाडा असा की मशिदीचा इमामही घरी गंजीतच असेल. तिच्या डोक्यावर रुमाल नव्हता, तो घ्यायला ती धावली तर ब्लाचानची बोटं पांढऱ्या रुमालाला लागली. त्यांच्यात काही नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं. नसतं तर माणूस दुसऱ्याच्या घरी इतक्या मन लावून काकडी चिरत नाही. पण जे होतं ते दारामागे होतं आणि दार तिचं होतं. उस्ताझनं विचारलं, "दार बंद का होतं?" ती म्हणाली, "वास जातो म्हणून." एक शिपाई फिस्सकन हसला. कचेरीत बाकावर बसून ती म्हणाली, मला हात धुवायचेत, असरची, दुपारनंतरची नमाज टळेल. कुणी लक्ष दिलं नाही. मी समोर बसून अहवाल लिहीत होते, हातानं, जावीत, माझ्या सुंदर अक्षरात. गुप्त माहितीवरून सदर ठिकाणी गेलो असता बंद दारामागून स्त्री-पुरुषाच्या हसण्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, सबब तहस्सुस करण्यात आला. गुप्त माहिती ही तर आमच्या प्रत्येक अहवालाची पहिली ओळ, देवाचं नाव घेतल्यासारखी, तिचा अर्थ कुणी लावत नाही. हसण्याचा आवाज उस्ताझनं सांगितला. "आवाज बाहेर आला म्हणजे गोष्ट उघड झाली. उघड झाली म्हणजे आपला प्रांत. लिहा." मी लिहिलं. सेमानला त्याच्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी गुन्हा कबूल करायला लावला, दंड भरला आणि उचलून दूर जोहोरला नेलं. सारिपाह मात्र अडून बसली. मी ब्लाचान भाजत होते, यात कबूल काय करू? वसतिगृहानं तिला काढून टाकलं, पोरींच्या जेवणाला असल्या बाईचा हात नको म्हणून.

आज तिच्या खटल्यात माझी साक्ष होती. कोर्टाच्या व्हरांड्यात उस्ताझ माझी वाटच पाहत होता. कोपऱ्यात घेऊन गेला. म्हणाला, "काक, त्या बाईचा वकील पोरगेला आहे, इज्वान नाव. चावट आहे. मूळ कागद मागवून भिंगानं बघत बसलाय."

"काय बघतोय?"

"तुमच्या तहस्सुसच्या पोटात टिंब आहे म्हणतो."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. उस्ताझ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हळू आवाजात बोलत होता, "शाईचा डाग आहे. सरकारी पेनं गळतातच, न्यायाधीशांचंही गळत असेल. तुम्ही एवढंच म्हणा, डाग आहे. बाकी लिहिलंय तेच."

"आणि हसण्याचा आवाज?"

"लिहिलंय ना ऐकला म्हणून? मग ऐकलात."

मी बाकावर बसून राहिले. मला काही केल्या आठवेना. त्या दिवशी ती समोर बसली होती, हात अंगापासून लांब धरून, ब्लाचानचा वास खोलीभर. मी तो शब्द लिहिला आणि पेन वर उचललं की पुन्हा टेकवलं? माझा हात वडिलांनी घडवलेला आहे, तो गळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण हातानं मला न विचारता हे केलं असेल, तर त्याचं श्रेय मी कसं घेऊ? आणि मुद्दाम केलं असेल, तर आठ महिने मी ते स्वतःपासूनही लपवलं. मला वाटलं, आज एका टिंबावर एका बाईचं उरलेलं आयुष्य आहे. डाग म्हटलं तर ती गुन्हेगार, नुक्ता म्हटलं तर मी. सकाळचा तो थांबलेला चमचा डोक्यातून जात नव्हता. शेजारच्या त्या पोरीनं मला बाहेर उभं ठेवलं म्हणून मी आज खरं बोलणार होते, की खरंच खरं बोलायचं होतं, ते देव जाणे. माणसाला चांगलं वागायलाही अपमान व्हावा लागतो.

इज्वानचा कोट त्याला दोन मापं मोठा होता आणि काळी टोपी जरा तिरकी. शपथ झाल्यावर तो माझ्याकडे आला, बाईसाहेब म्हणावं तशा अदबीनं. "पुआन, हे अक्षर तुमचं? सुंदर आहे."

"माझंच."

"मग हा शब्द आम्हाला वाचून दाखवता? मला जावी जेमतेम येतं, आईची बोलणी खातो त्यावरून."

मी कागद हातात घेतला. सारिपाह समोरच्या बाकावर पांढरा रुमाल घट्ट बांधून बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. उस्ताझ बघत होता. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"तजस्सुस," मी म्हणाले.

सरकारी वकील अर्धवट उठला. इज्वाननं हात वर केला. "म्हणजे पुआन, तो डाग नाही?"

"नुक्ता आहे. माझाच आहे."

न्यायाधीश पुढे झुकले. "बाई, तुम्हाला या शब्दाचा अर्थ माहीत आहे?"

"वडिलांनी शिकवलाय, तुआन. आणि तुआन, हसण्याचा आवाजसुद्धा—"

"विचारलं तेवढंच," ते म्हणाले. चिडून नव्हे, उलट मऊ आवाजात. सरकारी वकील उठला, उस्ताझशी दोन मिनिटं कुजबुजला, आणि म्हणाला की सरकार हा खटला मागे घेऊ इच्छितं. न्यायाधीशांनी मान हलवली. म्हणाले, देवानं जे झाकलं ते उकरून काढायला हे कोर्ट बसलेलं नाही. जो दुसऱ्याचं झाकतो त्याचं देव झाकतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाळीस मिनिटं, रबरी बूट, मीठ आहे त्यात, हे सगळं माझ्या तोंडाशी आलेलं तसंच राहिलं. माझ्या हातून कागद काढून घेतला गेला. अर्ध्या तासात सगळं आटोपलं, आणि कुणाचं झाकलं गेलं ते मला बाहेर आल्यावर उस्ताझनं समजावलं.

मला वाटलं होतं तो चिडेल. तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं. "बोललात ते बोललात. मन मोकळं झालं ना? आता हे इथंच संपलं. हसण्याचं बिसण्याचं कुठं बोलत बसू नका. भावाचे दोष चघळू नयेत, काक. तो पण तजस्सुसच. तुम्ही तर पंडिताची लेक." मग आवाज आणखी खाली आणून, "सात महिन्यांनी साठ होताहात. शांतपणे सुटा. चौकशीबिवकशी लागली की निवृत्तीचे कागद अडतात, माहीत आहे ना." आणि माझ्या पिशवीवर थोपटल्यासारखं करून तो गेला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, म्हणतात ना, तसं. फक्त आमच्याकडे वाकून पाहायलाही कुराणाची एक आयत आणि झाकून ठेवायलाही एक आयत, आणि दोन्ही एकाच माणसाच्या खिशात. ज्या नियमानं सारिपाहचं दार शाबूत राहायला हवं होतं तो नियम तिच्या दाराशी कुणाला आठवला नाही. खात्यावर वेळ आली तेव्हा बरा आठवला. संताप आला मला, पण संतापाखाली एक गोडसर समाधानही होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. शेवटी मी खरं बोलले होते. भर कोर्टात बोलले होते. तिची सुटका माझ्या एका शब्दानं झाली होती आणि हे तिनं ऐकलं होतं.

ती पायऱ्यांवर एकटीच बसली होती, बसची वाट बघत. इज्वान दुसऱ्या खटल्यात गेला असावा. मी तिच्याकडे चालत गेले ती आभार घ्यायला गेले. दुसरं कशाला जाणार? मनात वाक्यही तयार होतं: त्यात काय काक, माझं कर्तव्यच होतं. तिनं मला येताना पाहिलं आणि उठली नाही. बाजूला सरून जागा मात्र केली.

"सुटले म्हणायचं मी," ती म्हणाली. "लोक म्हणतील, एका टिंबावर सुटली."

"लोकांचं काय."

"तुमचं खरं आहे. तुम्ही लोकांत राहत नसाल." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तरी मला लागला. मग ती माझ्याकडे वळली. "पुआन, एक विचारू? आता खटला संपला, आता सांगायला हरकत नाही. कुणी कळवलं होतं?"

"काय?"

"तुमच्या कागदात पहिल्याच ओळीत आहे ना, गुप्त माहिती मिळाली. वकिलानं वाचून दाखवली. मला फक्त नाव हवंय. भांडायला जाणार नाही. मला माहीतच आहे, तुम्ही नुसतं हो म्हणा. मेक नाब ना?"

ती पुढे बोलत राहिली, आठ महिने मनात घोळलेलं, घडी घालून ठेवलेलं. "एकवीस वर्षं समोरासमोर राहिलो. तिच्या लेकीची तीन बाळंतपणं मी काढली. सेमान येतो हे तिला एकटीला माहीत होतं. आणि त्या दुपारी मी तुम्हाला तिच्या दारात बघितलं होतं, खिडकीतून. दोघी हसत होतात. मग पाऊण तासात तुम्ही माझ्या दारात. यात समजायचं काय राहिलं?"

यात समजायचं काय राहिलं. मीही रबरी बूट बघून हेच म्हणाले होते. पापडांवरून हसत होतो आम्ही, मेक नाब म्हणाली होती की या खेपेला मासा कमी आणि पीठ जास्त आहे, पण पैसे तेवढेच घेणार. डोळ्यांपुढे सगळं स्वच्छ उभं राहिलं आणि मला वाटलं, सांगून टाकावं, आज खरं बोलायचा दिवस आहे. कोर्टात मी सुटाबुटात खरं बोलले होते, आता जरा उघड्यावर. "कुणीच कळवलं नव्हतं," मी म्हणाले. "ती ओळ आम्ही प्रत्येक अहवालात लिहितो. पापड घेऊन निघाले, तुमच्या दाराशी बूट दिसले. मीच फोन केला. मेक नाबला काही माहीत नव्हतं."

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून मी थांबले, तर तो आलाच नाही. ती समोर रस्त्याकडे बघू लागली. बस आली, माणसं चढली, बस गेली. ती उठली नाही.

"ती गेली," ती म्हणाली. "शाबानच्या महिन्यात. पडली न्हाणीघरात. चार दिवस अंथरुणावर होती, मला बोलवायला दोनदा मुलीला पाठवलं. मुलगी माझ्या दारात रडली. मी आतून कडी काढली नाही. मयतीलाही गेले नाही. समोरच्या दारातून उचलून नेली तिला, मी खिडकीचा पडदा ओढून बसले होते." मग, जसं काही माझीच चूक नीट समजावून द्यावी तशी, म्हणाली, "हे तुम्ही तेव्हा सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले.

तिनं पिशवीतून एक चुरगळलेला कागद काढला, इज्वाननं दिलेला असावा, त्याची मागची बाजू कोरी होती. मांडीवर सपाट करून माझ्यापुढे धरला. "एवढंच लिहून द्या. मेक नाबनं सांगितलं नव्हतं, मी स्वतः आले होते. खाली नाव आणि सही. तिची मुलगी मला दारात उभी करत नाही. तिला दाखवते. नुसतं मी सांगितलं तर तिला वाटेल, आता सुटल्यावर गोड बोलायला आली."

मी कागदाकडे बघितलं. माझं नाव, माझी सही, खात्याकडे कधीही पोचू शकणारा कागद. गुप्त माहिती नव्हती असं एका ठिकाणी लिहून दिलं की एकोणीस वर्षांच्या सगळ्या पहिल्या ओळी उघड्या पडतात. सात महिने. "लिहून कशाला?" मी म्हणाले. "मी सांगितलं ना तुम्हाला. मी येईन कधीतरी, तिच्याशी बोलेन." आवाज माझा तोच लागला, घरचा, मावशीचा.

"खोटं तर किती छान लिहून दिलं होतंत," ती म्हणाली. "सहीशिक्क्यासकट."

कागदाची तिनं घडी घातली, पुन्हा एक घातली, आणि पिशवीत ठेवला. पुढची बस आली तेव्हा ती कठड्याला धरून उठली आणि हळूहळू पायऱ्या उतरून गेली. पेन माझ्या पिशवीत होतं. मी तिला हाक मारली नाही.